जागा रिकामी राहता कामा नये

घरात फुटबॉलचा सामना लागला, की आपल्यापैकी बऱ्याच जणी उठून स्वयंपाकघरात जातात. बाहेर आरडाओरडा झाला की दारातून डोकावायचं, "कोणी मारला गं बाई गोल?" एवढं विचारायचं आणि परत पोळ्यांकडे वळायचं. मैत्रिणींनो, गोल कोणी मारला हा प्रश्न काही चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की गोल मारायला जो पुढे गेला, त्याची मागची जागा तेवढा वेळ कोणी सांभाळली?

हा प्रश्न एका संघाने सगळ्या जगाला विचारायला लावला. तो संघ म्हणजे १९७४ सालचा हॉलंडचा, म्हणजे नेदरलँड्सचा. नारिंगी कपड्यांतला हा संघ त्या वर्षी विश्वचषक जिंकलाही नाही. तरी पन्नास वर्षं होऊन गेली तरी जाणकार त्याची आठवण काढतात. त्यांच्या खेळाला 'टोटल फुटबॉल' म्हणतात. मराठीत सांगायचं तर सगळ्यांनी मिळून सगळं खेळायचं. महिलांच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण मला विचाराल तर हा विषय याच पानावर यायला हवा. का, ते पुढे सांगते.

आधी साधा हिशेब समजून घेऊ. फुटबॉलच्या संघात अकरा जण. त्यातला एक गोलकीपर. उरलेल्या दहा जणांना मैदानावर कसं उभं करायचं, हे प्रशिक्षक ठरवतो आणि ती मांडणी आकड्यांत सांगतात. हॉलंडची मांडणी होती ४-३-३. मागे चार जण बचावाला, मध्ये तिघं आणि पुढे तिघं चढाईला. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण कामं वाटून घेतो ना, तू दाराशी अत्तर-गुलाबपाणी, तू वाणाच्या ताटापाशी, तू कॉफीकडे बघ, तसंच हे.

त्या काळी बहुतेक संघ ही वाटणी अगदी पक्की धरून चालायचे. बचाव करणाऱ्याने बचाव करावा, गोल मारणाऱ्याने गोल मारावेत. हॉलंडचे प्रशिक्षक रिनस मिशेल्स यांनी मात्र वेगळा विचार केला. आम्स्टरडॅमच्या अयाक्स क्लबचे ते १९६५ पासून प्रशिक्षक होते. तिथेच त्यांनी हा खेळ मुरवला, आणि त्या क्लबने १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षं युरोपियन कप जिंकला. (पहिला मिशेल्स यांच्या हाताखाली, पुढचे दोन ते गेल्यावर.) कल्पना अगदीच नवी होती असं नाही. १९५३ मध्ये हंगेरीच्या संघाने लंडनच्या वेम्बले मैदानावर इंग्लंडला ६-३ असं हरवलं, तेव्हाही त्यांचा पुढचा खेळाडू मागे मागे राहायचा आणि त्याच्या मागे जावं की जाऊ नये, हेच इंग्लंडच्या बचावपटूंना कळेना. पण सगळाच्या सगळा संघ असा खेळतोय, हे जगाने टीव्हीवर पाहिलं ते १९७४ मध्ये.

मिशेल्स यांचा विचार असा होता, की जागा माणसाची नसते, जागा संघाची असते. माणूस हलला तरी चालेल, पण जागा रिकामी राहता कामा नये. उजव्या बाजूचा बचावपटू विम सूरबिअर आणि डाव्या बाजूचा रूड क्रोल. दोघंही संधी दिसली की चेंडू घेऊन थेट समोरच्या गोलपर्यंत धावायचे. बचाव हे ज्यांचं काम, ते चढाईला! मग मागे खिंडार नाही का पडणार? नाही पडायचं. कारण ते निघाले, की मधल्या फळीतला एखादा कोणी न सांगता मागे सरकून त्यांची जागा घ्यायचा, आणि मधल्या जागेत पुढचा एखादा उतरून यायचा. साखळीच होती ती. एक कडी पुढे गेली की पुढची मागे सरकायची.

गंमत म्हणजे त्यांच्या पाठीवरच्या आकड्यांवरूनही कोण कुठे खेळतो ते कळत नव्हतं. एरवी एक नंबर गोलकीपरचा असतो. या संघाने आडनावांच्या अक्षरक्रमाने नंबर वाटले होते. त्यामुळे एक नंबर मिळाला पुढच्या फळीतल्या रूड गील्सला आणि गोलकीपर यान यॉन्गब्लूडच्या पाठीवर आठ! फक्त कर्णधार योहान क्रायफने हट्टाने आपला आवडता चौदा नंबर ठेवला. हा यॉन्गब्लूड तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि त्याचं आम्स्टरडॅममध्ये तंबाखू-सिगारचं दुकान होतं. त्याच्यापेक्षा नावाजलेले गोलकीपर हॉलंडमध्ये होते. तरी त्याला घेतलं, कारण तो गोलच्या चौकटीत चिकटून बसत नसे. आपले बचावपटू पुढे गेले, की हा पुढे येऊन पायाने चेंडू खेळायचा. म्हणजे त्यांची मागची मोकळी जागा राखायला गोलकीपरसुद्धा आपली चौकट सोडायचा. मधल्या फळीत खेळणाऱ्या आरी हानला तर त्या स्पर्धेत बचावाच्या मधोमध उभं केलं, आणि तो उभा राहिला.

चेंडू समोरच्याकडे गेला की दुसरा खेळ सुरू व्हायचा. आपण शाळेत कबड्डी खेळलेल्या बायका. चढाईला आलेल्या गड्याला एकटीने धरलं तर तो निसटतो, साखळी करून चारी बाजूंनी घेरलं तर सापडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हॉलंडचे तीन-चार जण एकदम चेंडूवाल्याच्या अंगावर धावून जायचे. त्याच वेळी मागची अख्खी फळी पुढे सरकायची, म्हणजे समोरच्याला खेळायला अंगणाएवढीच जागा उरायची. आणि चेंडू आपल्याकडे आला, की हेच लोक मैदानभर असे पांगायचे की तेच मैदान माळरानासारखं मोठं वाटावं. जागा कधी आवळायची आणि कधी पसरायची, हे ज्याला कळलं त्याला हा खेळ कळला.

हे सगळं बघायला फार मोकळंढाकळं वाटतं. जणू ज्याला वाटेल तो वाटेल तिथे पळतोय. पण मिशेल्स यांना लोक 'जनरल' म्हणायचे, ते उगाच नाही. शिस्त कडक होती. ही मोकळीक जबाबदारीवर उभी होती. मी निर्धास्तपणे पुढे जाऊ शकतो, कारण मागे कोणीतरी आहे, हा भरवसा त्यात होता.

त्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत हॉलंडने सहा सामन्यांत चौदा गोल केले आणि त्यांच्यावर फक्त एक झाला. तोही त्यांच्याच खेळाडूकडून चुकून स्वतःच्या गोलमध्ये गेलेला. अर्जेंटिनाला ४-०, ब्राझीलला २-० असं हरवून ते म्युनिकला पोहोचले. तारीख ७ जुलै १९७४, समोर यजमान पश्चिम जर्मनी. हॉलंडने खेळ सुरू केला. पास, पास, पुन्हा पास. जर्मनांना चेंडूला पाय लावायलाही मिळेना. आणि त्या घडीला मैदानात सगळ्यांत मागे कोण उभं होतं? पुढच्या फळीचा राजा, क्रायफ! कागदावर ज्याची जागा सगळ्यांत पुढे, तो सगळ्यांत मागून चेंडू घेऊन निघाला, थेट जर्मनांच्या गोलपर्यंत गेला आणि उली होनेसने त्याला पाडलं. पेनल्टी. योहान नीस्केन्सने गोल मारला. जर्मन खेळाडूचा चेंडूला पहिला स्पर्श झाला तो त्यांच्या गोलकीपरने जाळ्यातून चेंडू बाहेर काढला तेव्हा.

मग एवढा सुंदर संघ हरला कसा? पंचविसाव्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि पॉल ब्राइटनरने बरोबरी साधली. मध्यंतराच्या जरा आधी गर्ड म्युलरने दुसरा गोल मारला. २-१. दुसऱ्या अर्ध्या खेळात हॉलंडने जिवाचं रान केलं, पण चेंडू काही जाळ्यात जाईना. पहिल्या गोलनंतर त्यांना दुसरा मारण्यापेक्षा जर्मनांची जिरवण्यात जास्त रस होता, असं त्या संघातल्या काहींनी नंतर बोलूनही दाखवलं. ते असेलच. माझं मत थोडं वेगळं आहे. जर्मनीने बर्टी फोग्ट्सला क्रायफच्या पाठीशी सावलीसारखं लावलं. त्याला चुकवायला क्रायफ मागे मागे येत गेला, आणि पुढे मधोमध त्याच्या जागेवर कोणी ठामपणे उभंच राहिलं नाही. रॉब रेन्सेनब्रिंक आधीच दुखापतीने बेजार, मध्यंतरात तो बाहेरच गेला. ज्या नियमावर हा संघ उभा होता, त्याच नियमाला त्या दिवशी तडा गेला. जागा रिकामी राहिली. म्हणून मला वाटतं, 'सुंदर खेळले म्हणून हरले' हे म्हणणं बरोबर नाही. आपलीच रीत थोडा वेळ विसरले, म्हणून हरले.

याची उलट बाजू चार वर्षांनी दिसली. १९७८ च्या विश्वचषकाला क्रायफ गेलाच नाही. जगातला सर्वांत नावाजलेला खेळाडू घरी बसला, तेव्हा लोकांनी हजार तर्क केले. कोणी म्हणालं अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीचा निषेध, आणि बऱ्याच जणांनी बोट दाखवलं त्याच्या बायकोकडे, डॅनीकडे. तिनेच अडवलं म्हणे! (कुठलाही देश असो, हे बोट वळायचं तिकडेच वळतं.) खरं कारण त्याने स्वतः सांगितलं ते २००८ मध्ये, तीस वर्षांनी. विश्वचषकाआधी बार्सिलोनातल्या त्याच्या घरात शिरून बायको-मुलांसमोर त्याच्यावर बंदूक रोखली गेली होती. त्यानंतर घरच्यांना सोडून कित्येक आठवडे परदेशी जाणं त्याला शक्य वाटलं नाही. तीस वर्षं त्या बाईने लोकांचं बोलणं कसं सोसलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि क्रायफशिवाय हॉलंडचं काय झालं? संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला! ब्यूनॉस आयर्सला अर्जेंटिनाशी १-१ बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा चेंडू गोलच्या खांबाला लागून परत आला. तो चार बोटं आत असता तर कप हॉलंडचा होता. जादा वेळेत ते ३-१ असे हरले. पण सगळ्यांत मोठा माणूस नसतानाही जो संघ तिथवर जातो, त्याची मांडणी खरी. एका माणसावाचून जे कोसळतं, त्याला मांडणी कसं म्हणायचं?

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. मला रोज बचत गटाच्या कामानिमित्त बायका भेटतात. आमच्यातल्या एका वहिनींची तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. घरच्यांनी कौतुक केलं, पेढे वाटले. आणि जायच्या आदल्या रात्री त्या माउलीने दोन वाजेपर्यंत जागून दशम्या केल्या, दोन चटण्या कुटल्या, मुलांचे गणवेश इस्त्री करून ठेवले, सासूबाईंच्या गोळ्या पुड्या बांधून वारांची नावं घातली. प्रशिक्षणाला गेल्यावर दर तासाला फोन. "अगं, तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे?" परत आल्या तर तीन दिवसांचं धुणं वाट बघत होतं. मी म्हटलं, "वहिनी, पुन्हा जाल ना?" तर म्हणाल्या, "नको बाई ताई, जाण्यापेक्षा जायची तयारीच जड होते."

त्यांच्या घरचे वाईट नाहीत. त्यांनी तिला जाऊ दिलं. पण जाऊ देणं वेगळं आणि जागा भरणं वेगळं. सूरबिअर पुढे धावला तेव्हा बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या, तर दोन मिनिटांत गोल अंगावर आला असता. आपल्याकडे बाई पुढे निघाली की टाळ्या वाजतात, भाषणं होतात, शाल-श्रीफळ मिळतं. मागे सरकून तिच्या जागेवर उभं राहायला मात्र कोणी नाही. मग ती धावत पुढे जाते आणि तेवढ्याच वेगाने धावत मागे येते. दमली की आपणच म्हणतो, "बाईला नाही जमत हो दोन्ही!"

दुसरा एक शब्द आपल्याला फार गोड वाटतो. अष्टपैलू. 'आमची सूनबाई म्हणजे अगदी अष्टपैलू, नोकरी, घर, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याचं, सगळं एकटी बघते.' ऐकायला छान वाटतं. पण मैत्रिणींनो, अकरा जणांनी एकमेकांची कामं करणं म्हणजे टोटल फुटबॉल. एकटीने अकरा जागांवर पळणं म्हणजे नव्हे. त्या खेळात उरलेले दहा जण सोफ्यावर बसून "चहा मिळेल का?" म्हणत नव्हते. या कौतुकाला भुलू नका. ते कौतुक बऱ्याचदा काम न वाटून घेण्याची सोय असते.

कोणी म्हणेल, सगळ्यांना सगळं कसं येणार? बरोबर आहे. हॉलंडच्या संघातही क्रायफ काही गोलकीपर झाला नाही. अदलाबदल बहुतेक शेजारच्या जागांची असायची. त्याच बाजूचा मागचा, मधला आणि पुढचा. प्रत्येकाला आपलं काम उत्तम आणि शेजाऱ्याचं काम बऱ्यापैकी यायला हवं, एवढंच. पुरणपोळी जमली नाही तरी चालेल, पण कुकर लावता यावा. सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या वेळी द्यायच्या, ते त्यांच्या मुलाला ठाऊक असावं. आणि हे आपोआप येत नाही. मिशेल्स यांनी वर्षानुवर्षं सराव करून घेतला तेव्हा ते जमलं. मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याला भाजी निवडायला बसवणं, हा आपला सराव. तो आपणच टाळतो, "राहू दे रे, तू पसारा करशील" म्हणून! जागा सोडायला आपलाही जीव कधीकधी कचरतो, हेही कबूल करायला हवं.

क्रायफची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याचे वडील भाजीवाले होते. १९५९ मध्ये ते गेले, तेव्हा योहान बारा वर्षांचा. मग त्याच्या आईने अयाक्स क्लबमध्येच साफसफाईचं काम धरलं. पुढे ज्या मैदानावर मुलाच्या नावाने लोक ओरडले, तिथे आईने झाडलोट केली होती. वडिलांची रिकामी जागा भरणारी ती पहिली खेळाडू! धावफलकावर तिचं नाव कुठे असणार? पण जागा कशी भरायची असते, हे त्या मुलाने घरातच पाहिलं असेल, असं मला आपलं वाटतं.

क्रायफ २०१६ मध्ये गेला. हॉलंडचे पुरुष १९७४, १९७८ आणि २०१० असे तीनदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरले. २०१० मध्ये तर ते इतकं धसमुसळं खेळले की खुद्द क्रायफने त्यांना बोल लावले. आणि ज्या स्पेनने त्यांना हरवलं, त्यांच्या खेळाचं बी बार्सिलोनात रुजवलं होतं ते प्रशिक्षक असताना क्रायफनेच. बी आपल्या अंगणातलं आणि वेल शेजारच्या मांडवावर, तसं झालं.

पण त्याच देशाच्या मुलींनी २०१७ मध्ये आपल्या घरच्या मैदानांवर युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. सहाच्या सहा सामने जिंकून, अंतिम सामन्यात डेन्मार्कला ४-२ हरवून, आणि मांडणी तीच, जुनी ४-३-३. प्रशिक्षक होत्या सरीना विगमन, लहानपणी मुलांच्यात फुटबॉल खेळलेली बाई. त्या वर्षी मुलींच्या जर्सीवरच्या बोधचिन्हात सिंहाच्या जागी सिंहीण आली. १९७४ चा सामना जिथे झाला, त्या जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने १९५५ पासून १९७० पर्यंत बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती, हे लक्षात घेतलं की या सिंहिणीची किंमत कळते.

तेव्हा यंदा महिला दिनाला 'पुढे जा' असा संदेश देणारी भाषणं थोडी कमी झाली तरी चालतील. त्याऐवजी प्रत्येक घरात एक सोपा हिशेब व्हावा. घरातली बाई चार दिवस नसेल, तर तिची कुठली जागा कोण घेणार? दूध, डबा, औषधं, धुणं, म्हाताऱ्या माणसांचं, मुलांचं. एकेका कामासमोर एकेक नाव लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. नाव सापडलं नाही, तर त्या कामाचा सराव याच रविवारी सुरू करा. पहिले काही दिवस भाजी खारट होईल, इस्त्रीचा डाग पडेल. पडू दे. आणि आमच्या त्या वहिनींची पुढच्या महिन्यात पुन्हा निवड झाली आहे, आता पाच दिवसांसाठी. त्यांच्या यजमानांना मी कालच निरोप धाडलाय, की पेढे नकोत, कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिका.